शाम

अब्बांची गळाची काठी उन्हाळ्यात वाजायची. माळ्यावरून खाली काढून शेंडा जमिनीकडे केला की मुठीपुढचं पितळी कडं खुळखुळत चार बोटं घसरायचं आणि अब्बांनी गुंडाळलेल्या दोऱ्याला अडून थांबायचं. पावसाळ्यात तेच कडं जागचं हलत नसे. कडं खराब झालं आहे असं मी कित्येक वर्षं समजत होतो. कडं ठीकच होतं. उन्हाळ्यात वेळू सुकतो, आकसतो. पावसाळी हवेत तो ओल धरून फुगतो. धातू मात्र पावसाला फुगत नाही. दोन वेगळ्या स्वभावांच्या वस्तू एकत्र बांधल्या की त्यांच्यामधली जागा कायम बदलत राहते. ही जागा सांभाळणं हेच ते कडं बसवणाऱ्याचं काम.

काठी मुळात गळाची नव्हती, माझ्या आजोबांच्या हातातली होती. आजोबा नालबंद. उदगीरच्या बाजारात येणाऱ्या बैलांच्या खुरांना नाल ठोकायचे. खूर दुभंगलेलं, म्हणून एका पायाला दोन नाल, एका बैलाला आठ. देवणीचे बैल अंगाने मोठे, त्यांना पाडून पाय बांधायला दोन माणसं लागायची. खिळा खुराच्या मेलेल्या भागात गेला पाहिजे, जिवंत भागात गेला तर बैल लंगडतो. म्हणजे आजोबांचा धंदाही हाच होता, न फुगणारा धातू आणि वाढणारं खूर यांची गाठ घालून देण्याचा. ते गेल्यावर अब्बांनी त्यांच्या सहा फुटी काठीच्या शेंड्याला तंगूस बांधला आणि ती तळ्यावर न्यायला सुरुवात केली. जाड टोकाला लोखंडी टोपण होतंच, वीतभर वर ते पितळी कडं होतं. दादी दोन्हीला एकच शब्द वापरायची, शाम.

संध्याकाळ नव्हे. काठीच्या, मुसळाच्या किंवा हत्याराच्या दांड्याच्या टोकाला लाकूड फाटू नये, झिजू नये म्हणून घालतात त्या धातूच्या छल्ल्याला हिंदी-उर्दूत शाम म्हणतात. आमच्या दखनीत तो शब्द अजून जिवंत आहे. निदान दादी होती तोवर होता. मी शाळेत मराठी शिकलो, मराठीत लिहितो, आणि या वस्तूसाठी मला पटकन 'कडं' हाच शब्द सुचतो. घरातली वस्तू घरातच राहते आणि तिचं नाव तेवढं निघून जातं, तसं हे.

दोन वर्षांपूर्वी मी ती काठी नीट करायला घेतली. पहिला पराक्रम म्हणजे सैल कडं घट्ट करण्यासाठी ऐरणीवर ठेवून हातोडीने आवळलं. जुनं पितळ ठोकून ठोकून कडक होतं, हे नालबंदाच्या नातवाला ठाऊक असायला हवं होतं. कडं तडकलं. बाजारातून तेवढ्याच मापाचं पितळी कडं आणलं, ते मुठीपासून दोन इंच अलीकडेच अडकलं. ठोकलं तर त्याच्या कडेने वेळूची साल रंधा मारल्यासारखी सोलून काढली.

तेव्हा मी हौशी लोक स्वतःचे फिशिंग रॉड कसे बांधतात ते पाहायला लागलो. आजचा रॉड कार्बनचा, पण कड्याचा प्रश्न तसाच आहे. रॉडची नळी बुडाशी जाड, शेंड्याकडे निमुळती. बुडाला बुचाची मूठ. मूठ जिथे संपते तिथे तिचा उघडा काठ दिसतो आणि त्यात पाणी शिरतं. तो सांधा झाकायला धातूचं एक बारीक कडं घालतात. ते शेंड्याकडून ओवून खाली सरकवत आणायचं आणि मुठीला टेकवायचं. आतलं भोक किंचित लहान असेल तर ते वाटेतच अडतं, किंचित मोठं असेल तर एका बाजूला कलतं, आणि मग रॉड कितीही महागाचा असो, नजर तिथेच जाते. म्हणून नळीचं माप मुठीच्या अगदी तोंडाशी घ्यायचं, बुडाशी किंवा मध्यावर नाही. व्हर्नियर नसेल तर कागदाची पट्टी गुंडाळून घेर मोजावा आणि ३.१४ ने भागावा. माझ्या काठीचा घेर ५३ मिलिमीटर भरला, म्हणजे व्यास १७ ला जेमतेम कमी. पण वेळू गोल कुठे असतो? त्याला एक बाजू चपटी असते. गोल कड्यात तिथे फट राहणार, आणि ती भरायला काहीतरी चिकट लागणार. पूर्वी तलवारीची मूठ पात्याच्या शेपटीवर बसवताना शिकलगार लाख-राळ वितळवून भरायचे. आता दोन नळ्यांतून येणारा डिंक भरतात. बाहेर आलेला डिंक ओला असतानाच स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा, वाळल्यावर तो निघत नाही.

आणि सगळ्यात साधी, सगळ्या नवशिक्यांची चूक म्हणजे दोरे गुंडाळून, दोरी ओवायची वळी बसवून, शेंडा बंद करून झाल्यावर आठवतं की कडं घालायचं राहिलं. मग सगळं उसवावं लागतं. कारण कडं शेंड्याकडूनच येतं, दुसरी वाट नाही.

हे वाचलं तेव्हा मी काठीकडे पाहिलं. शेंड्यापासून मुठीपर्यंत पाच ठिकाणी अब्बांनी हाताने गुंडाळलेला, वर्षानुवर्षं तेल लागून काळा पडलेला दोरा होता. नवं कडं घालायचं तर तो कापावा लागणार होता. काठी परत माळ्यावर गेली, वर्षभरासाठी.

त्या वर्षात मी वेळूबद्दल वाचत गेलो. आजोबांच्या काठीचा वेळू भरीव आहे, आत पोकळी जवळजवळ नाही. शास्त्रीय नाव डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. विदर्भात याला मानवेल म्हणतात, इंग्रज त्याला 'नर बांबू' म्हणायचे. पोलिसांच्या लाठ्या याच्याच, भालाइतांच्या भाल्याचे दांडे याचे, आणि रानडुकरांची शिकार करणाऱ्या साहेबांच्या भाल्यांचेही याचेच. १८४० च्या दशकात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, ईस्टन गावच्या सॅम्युएल फिलिप नावाच्या बंदुका बनवणाऱ्या कारागिराने वेळू उभा चिरून, त्याच्या तिकोनी पट्ट्या परत एकमेकींना चिकटवून मासेमारीची काठी तयार केली. हायरम लिओनार्डने पुढे यंत्राने सहा पट्ट्यांच्या काठ्या बनवून त्या प्रसिद्ध केल्या. त्या काठ्यांचा वेळू हिंदुस्थानातून जायचा. तिकडच्या बाजारात त्याचं नाव पडलं 'कलकत्ता केन'.

कलकत्त्यात हा वेळू पिकत नव्हता, तिथून फक्त जहाजात चढत होता. कुठल्या डोंगरावर तो तोडला, कुणी वाळवला, कुणी आगीवर शेकून सरळ केला, याचा पत्ता त्या नावात नाही. त्या वेळूवर भाजल्याचे काळे डाग असत आणि अमेरिकी कारागीर ते डाग चुकवून पट्ट्या काढत. डाग कुणाच्या तरी चुलीचे होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या वेळूची जागा चिनी वेळूने घेतली, त्याचं नाव 'टोंकिन केन'. टोंकिन व्हिएतनाममध्ये, वेळू मात्र चीनच्या ग्वांगडोंगमधला. तेही नाव चुकीचंच. पुढे १९५० मध्ये कोरियन युद्धाच्या वेळी अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली आणि फायबरग्लासचे दिवस आले.

या सहा पट्ट्यांच्या काठीला सहा कोन असतात. म्हणजे गोल कड्यात सहा फटी. काही कारागीर त्या ठिकाणी कोन घासून काठी गोल करत, काही सहाकोनी कडं बनवत. बहुतेक कडी आणि जोड जर्मन सिल्व्हरचे. त्यात चांदी अजिबात नाही, तांबं, निकेल आणि जस्त. चिनी लोक ही धातू कितीतरी आधीपासून पाकटोंग नावाने वापरत होते, जर्मन कारखानदारांनी ती १८२० च्या दशकात बनवली आणि नाव त्यांचं लागलं. आपल्याकडे तर त्याहून गंमत. मराठवाड्यात आजही ॲल्युमिनियमच्या पातेल्याला 'जर्मनचं पातेलं' म्हणतात. त्यात जर्मनी नाही की चांदी नाही.

आता बिदर. उदगीरहून रेल्वेने कमालनगर, भालकी आणि मग बिदर. आजोबांच्या वेळी ते दुसरं राज्य नव्हतं. उदगीर हा बिदर जिल्ह्याचाच तालुका होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके बिदरपासून काढून उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले, आणि बिदर म्हैसूर राज्यात गेलं. १९८२ च्या ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा झाला तेव्हा आम्ही लातूरचे झालो. घर तेच, जिल्हे तीन. माझी फुफी बिदरला दिलेली. तिची मुलं कन्नड शिकली, आम्ही मराठी. ईदला भेटलो की दोघंही दखनी बोलतो आणि एकमेकांच्या वर्तमानपत्रातलं काहीही वाचू शकत नाही.

बिदरीचं काम म्हणजे काय हे बहुतेकांनी काचेच्या कपाटात पाहिलेलं असतं. काळीभोर वस्तू आणि तिच्यावर चांदीची नक्षी. ती काळी धातू मुख्यतः जस्त असते, त्यात थोडं तांबं. ओतलेली वस्तू कानशीने घासून गुळगुळीत करतात, मोरचूद लावून तात्पुरती काळी करतात म्हणजे कोरायची रेघ दिसते, मग कलमाने चर कोरून त्यात चांदीची तार ठोकून बसवतात. त्याला तारकशी म्हणतात. शेवटी किल्ल्यातल्या, ऊनपाऊस न लागलेल्या जुन्या जागेची माती नवसागरात कालवून तापलेल्या वस्तूला चोळतात. जस्त कायमचं काळं होतं, चांदीला काहीही होत नाही. ही कला बहमनी काळात, अहमदशहाने राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणल्यानंतर आली असं परंपरा सांगते. आज हाती असलेल्या सर्वांत जुन्या वस्तू मात्र सतराव्या शतकातल्या मानल्या जातात. त्यांत हुक्क्याची भांडी भरपूर. जुने हुक्के गोल चेंडूसारखे. ते गालिच्यावर लवंडू नयेत म्हणून खाली एक कडं ठेवायचे, त्यालाही बिदरी काम. संग्रहालयात हुक्का मिरवतो, कडं त्याच्याखाली दबून असतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी काठी घेऊन फुफीकडे गेलो. तिच्या ओळखीचे एक वयस्कर कारागीर चाचा होते. त्यांनी आधी काठी डोळ्याजवळ धरून तिचा बाक पाहिला, मग मी सोललेली साल पाहिली.

"ये कौन करा?"

"मैंच करा, चाचा."

"हौ, दिखरा."

मी म्हटलं, कडं सहज सरकावं म्हणून वेळू थोडा घासून घेऊ का? त्यांनी काठी माझ्या हातातून काढूनच घेतली. "छाल कू हात नक्को लगाओ. बंबू की जान छाल में रैती. छल्ले कू अंदर से घिसो, हल्लू हल्लू." हेच मी अमेरिकी कारागिरांबद्दल वाचलं होतं, की वेळूचे सगळ्यात मजबूत तंतू सालीलगत दाट असतात, म्हणून पट्टी घासायची ती आतून, बाहेरून नाही. चाचांनी ते कुठे वाचलं नव्हतं.

त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. लोहार कडं तापवून मोठं करतो आणि गरम असतानाच चढवतो, बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतात तसं. थंड झालं की ते आवळून बसतं. बिदरी कड्याला हे चालत नाही. जस्त ठिसूळ, ठोकलं की फुटतं, आणि तापलेलं कडं वेळूला भाजतं ते वेगळंच. त्यात कड्याची भिंत जाड ठेवावी लागते, नाहीतर तारेसाठी चर कोरताना आरपार जाईल. म्हणजे भोक आधी लहानच ओतायचं आणि गोल कानशीने एकेक केस वाढवत न्यायचं. दुसरी गोष्ट, काम मे महिन्यातच करायचं. वेळू सगळ्यात सुकलेला, सगळ्यात बारीक असतो तेव्हा माप घ्यायचं. पाऊस पडल्यावर तो स्वतःच कड्यात फुगून बसेल. पावसाळ्यात बसवलेलं कडं उन्हाळ्यात वाजणारच. आमचं का वाजत होतं, ते तेव्हा कळलं.

कडं ओतून, कोरून, काळं होऊन यायला आठ दिवस लागले. नक्षी म्हणजे फक्त दोन रेघा आणि मध्ये एक वेल, जास्त नको असं मीच म्हटलं होतं. बसवण्याआधी चाचांनी सुरी माझ्या हातात दिली आणि दोऱ्याकडे बोट दाखवलं. पाच ठिकाणचा दोरा मी कापला. आत वेळूचा रंग अजून पिवळा होता, बाहेरच्यासारखा तपकिरी झाला नव्हता. कडं शेंड्याकडून ओवलं, ते मुठीपासून अर्धा इंच अलीकडे अडलं. काढलं, घासलं, पुन्हा ओवलं. असं अकरा वेळा. बाराव्या वेळी ते टेकलं. चपट्या बाजूची फट त्यांनी काळ्या लाखेने भरली आणि मी आणलेला डिंक बाजूला सारला. लाख गरम केली की परत सुटते, म्हणाले, पुढच्याला दुरुस्त करता आलं पाहिजे.

पैसे देताना मी त्यांना विचारलं, कड्यावर आत कुठे तुमचं नाव का घालत नाही? ते हसले. बिदरीवर बिदरचं नाव आहे ना, एवढंच बोलले.

हे मला अजून टोचतं. बिदरीला भौगोलिक मानांकन आहे, कर्नाटकच्या नावे. २०२३ मध्ये बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा एक नाव तरी देशाला कळलं. त्याआधीच्या चार शतकांतल्या किती हातांची नावं सांगता येतील? संग्रहालयातल्या पाटीवर 'बिदर, अठरावं शतक' असतं. अमेरिकेतल्या जुन्या काठीवर बनवणाऱ्याचा शिक्का असतो, वेळूपुढे 'कलकत्ता' असतं. आमच्या बाबतीत गावाचं नाव, बंदराचं नाव, राज्याचं नाव, घराण्याचं नाव, सगळं टिकतं.

उदगीरमध्ये इतिहास म्हटलं की ३ फेब्रुवारी १७६० ची लढाई येते. सदाशिवरावभाऊ, निजाम सलाबतजंग, आणि बुसीच्या तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी, ज्याच्या तोफा इथे मराठ्यांच्या बाजूने होत्या. त्याचं नाव घेतलं जातं याचा आनंदच आहे. पण त्या काळच्या फ्रेंच बंदुकीची नळी लाकडाला तीन लोखंडी कड्यांनी बांधलेली असे, हे किती जणांना माहीत आहे? आणि छावणीत अशी सैल झालेली कडी कोण बसवत असेल? लढाईच्या वर्णनात हे माणूस नसतं. मग १७६० वरून थेट १९४८ वर उडी मारली जाते, आणि चहाच्या टपरीवर कुणीतरी सहज म्हणून जातं, "तुमचा निजाम होता तेव्हा..." आमचा निजाम! आजोबांनी निजामाचा हत्ती पाहिला नव्हता, बैल पाहिले होते, आणि बैल बहुतेक मराठा, लिंगायत शेतकऱ्यांचे. नालबंद, शिकलगार, पिंजारी, मणियार, आत्तार. मराठवाड्यातले बहुसंख्य मुसलमान हे आहेत. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसी चळवळ उभी केली तेव्हा ही धंद्यांची नावं सरकारी कागदावर यावीत यासाठी झगडावं लागलं, आणि त्या वेळी आमच्यातल्याच काहींना ती नावं सांगायची लाज वाटत होती, हेही लिहायला हवं. दरबाराशी नातं जोडायचा मोह आपल्यालाही आहेच. अब्बा पाहुण्यांना सांगायचे, आपले पूर्वज किल्ल्यावर होते. असतीलही. घोड्यांना नाल ठोकत असतील.

लातूर जिल्ह्यात आता वेळू परत येतो आहे. औसा तालुक्यातल्या लोदग्याचे पाशा पटेल शेतकऱ्यांना बांबू लावा म्हणून कित्येक वर्षं सांगत फिरत आहेत. २०१७ च्या दुरुस्तीने वनहद्दीबाहेरचा बांबू कायद्यात 'झाड' राहिला नाही, तोडणी आणि वाहतूक सोपी झाली. माझ्या मावसभावाने बांधावर लावलाय. त्याला मी म्हटलं, भरीव जातीची चार बेटं माझ्यासाठी ठेव. त्याचा हिशेब टनावर, माझा काठीवर, त्यामुळे आमचं फारसं जमलं नाही.

जूनमध्ये मृगाचा पाऊस झाल्यावर नवा दोरा मीच गुंडाळला, पाचही ठिकाणी, पिवळ्या खुणा दिसत होत्या त्यांवरच. अब्बांचे वेढे जवळजवळ आणि सारख्या ताणाचे होते, माझे तसे नाहीत. जुलैत तळ्यावर गेलो. शेंडा खाली केला, कडं हललं नाही. दोन तासांनी एक मरळ लागला आणि काठावर यायच्या आत तंगूस तोडून गेला. संध्याकाळी चाचांना फोन केला. त्यांनी माशाबद्दल काहीच विचारलं नाही.

"शाम हिलरी क्या?"

"नै, चाचा."

"वैशाख में फोन कर."